दोन लेन, दोन वेग: गेटचा घोळ सापडला

मागच्या नोंदीत १/३२ स्लॉट कारचा (पटरीच्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या छोट्या गाडीचा) वेग मोजताना गाडं जिथे अडलं होतं तिथूनच पुढे. तीच गाडी, तीच मोटर, तेच १२ व्होल्ट; पण स्केल वेग (गाडीचा खरा वेग गुणिले ३२) लेन १ वर ताशी ५१९ किमी आणि लेन २ वर ६४७. ब्रेड (पटरीतून वीज घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या) बदलून झाले, टायर पुसून झाले, पटरीचे सांधे चिमट्याने घट्ट करून झाले. फरक तसूभर हलेना. तो आता गेला आहे. दोष बॉडीच्या प्लास्टिकमध्ये निघाला.

हिशेब नेहमीचाच. गेट म्हणजे गाडी आडवी आली की वेळ टिपणारी आयआर (अवरक्त) एलईडी आणि रिसीव्हरची जोडी. दोन गेटमधलं अंतर २०० मिमी आणि मधला वेळ ४० मिलिसेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ५ मीटर. गुणिले ३.६ केलं की ताशी १८ किमी, आणि गुणिले ३२ केलं की ५७६. आर्डुइनो युनोवर (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वेळ मायक्रोसेकंदांतच मोजायचा. मिलिसेकंदांचा काउंटर एका घराने चुकला तरी अडीच टक्के गेले, म्हणजे स्केलमध्ये १४ किमी. युनोला बाहेरचे इंटरप्ट, म्हणजे सिग्नल येताच तत्काळ दखल घ्यायला लावणाऱ्या पिना, दोनच (पिन २ आणि ३), म्हणून एका वेळी एकच लेन मोजायची. टीव्हीच्या रिमोटसाठीचे ३८ किलोहर्ट्झचे रिसीव्हर स्वस्त आणि कुठेही मिळणारे असले तरी या कामाला घेऊ नका. अखंड येणारा सिग्नल ते गोंधळ समजून दाबून टाकतात. साधा फोटोट्रान्झिस्टर (प्रकाश ओळखणारा घटक) आणि एलएम३९३ चं (सिग्नल ठरावीक पातळीशी ताडणाऱ्या चिपचं) मॉड्यूल कधीही बरं.

पहिला संशय ट्यूबलाइटवर होता, कारण ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. अंधार करून पाहिलं, फरक कायम. गेटमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने तपासलं, बरोबर निघालं. मग लेन १ ची दोन मॉड्यूल आपसात बदलली आणि तिथे धागा सापडला: ५१९ चे थेट ६४७ झाले! म्हणजे खोट लेनमध्ये नसून दोन मॉड्यूलच्या पोटमधल्या (मॉड्यूल किती हळवं ते ठरवणाऱ्या फिरत्या स्क्रूमधल्या) फरकात होती. पण काळ्या जाड पुठ्ठ्याचा तुकडा नाकावर लावून पळवला तर चारही सेन्सर अचूक चालले. मग गाडी आली की यांना होतं काय?

बॉडी उलटी करून आतून आयआर एलईडी धरला आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. पांढऱ्या रंगाचं अख्खं नाक जांभळट उजळलेलं! डोळ्याला अपारदर्शक दिसणारं प्लास्टिक आयआरला निम्मं उघडं होतं. काही काळे रंगही असेच फसवतात, आणि पातळ रंगवलेली लेक्सन (पारदर्शक पॉलिकार्बोनेट) बॉडी तर हमखास.

वरून एलईडी आणि खाचेखाली रिसीव्हर अशी आपली मांडणी. लेन १ चं पहिलं मॉड्यूल हळवं, ते नाकाच्या अर्धवट सावलीलाच पेटायचं. दुसरं मठ्ठ, ते गाईड (खाचेत उतरणारं गाडीचं पातं) डोक्यावर आल्यावर जागं व्हायचं. नाक ते गाईड अंतर २२ मिमी. म्हणजे गाडी २२२ मिमी धावायची आणि सूत्र २०० धरायचं. लेन २ वर नेमकं उलटं, १७८ मिमी. ५७६ चे एकीकडे ५१९ आणि दुसरीकडे ६४७ झाले ते असे.

उपाय दहा मिनिटांचा. नाकाच्या आतून अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीची १० मिमी रुंद पट्टी आडवी लावा, पुढची कड गाडीच्या मधल्या रेषेला काटकोनात. वरून इन्सुलेशन टेप हवीच, कारण गाईडच्या वायरी पट्टीला टेकल्या तर शॉर्ट होईल. मग चारही पोट त्याच गाडीवर लावून घ्या. डिजिटल गाडी (एकाच लेनवर अनेक गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात त्या प्रकारची) असेल तर पोटाखालचा तिचा स्वतःचा आयआर एलईडी रिसीव्हरवर उजेड पाडतो, तेव्हा मोजणीपुरता त्यावर काळा टेप. आता दोन्ही लेन ५७६ च्या आसपास, फरक एका टक्क्याच्या आत.

आकडा विश्वासाचा झाला, तेव्हा गुणकाकडेही बघायला हवं. डब्यावर १/३२ लिहिलंय म्हणून ३२ धरू नका. फोर्ड जीटी४० चा व्हीलबेस २४१३ मिमी, म्हणजे मॉडेलवर ७५.४ यायला हवा. कॅलिपरवर ७८ आला तर स्केल १/३०.९, आणि ५७६ चे ५५६ होतात.

याहून मोठा मुद्दा असा की ५७६ हा आकडा सरळ पटरीवर मिरवायला ठीक आहे, वळणावर तो काहीच सांगत नाही. ३० सेंटिमीटर त्रिज्येचं वळण २ मीटर प्रति सेकंदाने घेतलं तर बाजूचा जोर १.३६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.३६ पट). ३२ पट केलं की ९.६ मीटरच्या वळणावर ताशी २३० किमी, म्हणजे ४३ जी! असं कुठलीच गाडी करत नाही. लांबी ३२ ने भागली तरी गुरुत्वाकर्षण भागलं जात नाही, घोळ इथे आहे. एक मीटरवरून वस्तू ०.४५ सेकंदात पडते, ३२ मीटरवरून २.५५ सेकंदांत; काळाचं प्रमाण ५.६६, म्हणजेच ३२ चं वर्गमूळ. त्यामुळे वेगही ५.६६ पटच धरायचा. मग तेच वळण ताशी ४१ किमीने होतं आणि जोर पुन्हा १.३६ जी. सरळ पटरीवरच्या ५७६ चे १०२ होतात. ९.६ मीटरची लॅप ४ सेकंदांत मारली की ३२ पटीने सरासरी २७६ येते, फॉर्म्युला वन चालक हॅमिल्टनच्या २०२० मधल्या मोंझा सर्किटवरच्या पोल लॅपपेक्षाही (२६४.३६२) जास्त; वर्गमूळाने ती ४९. आणि १/३२ चं मोंझा बांधायचं तर १८१ मीटर पटरी लागेल! यापुढे नोंदींत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहूया.

तिसरं गेट बसवायचा बेत होता, तो सध्या बाजूला. पडताळणीला फोनचा २४० फ्रेमचा व्हिडिओ पुरेल: ५ मीटर वेगाला एका फ्रेममध्ये गाडी २१ मिमी सरकते, ३५० मिमीच्या तीन सरळ पटऱ्यांवर ५० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमची चूक दोन टक्के. शिवाय तोच व्हिडिओ सेकंदाला ४२ फ्रेमने चालवला की हालचाल जवळपास ५.६६ पट संथ होते आणि गाडीला वजन आल्यासारखं दिसतं. लघुप्रतिकृती चित्रित करणारे हेच वर्गमूळ वापरतात. १.०५ मीटरवर पांढऱ्या टेपच्या दोन खुणा केल्या आहेत. फोन पटरीला काटकोनात बसला की आधी गाडीला पटरीकडे ओढून धरणारं चुंबक काढून वळण मोजायचं, सिलिकॉन टायर त्यानंतर.