थिजलेलं खोबरेल

डिसेंबरात आमच्या खानापुरात सकाळी खोबरेलाची बाटली दगड झालेली असते. आई ती चुलीजवळ नेऊन ठेवते. शेजारचं शेंगतेल मात्र खुशाल वाहतं. "त्यात भेसळ असंल बघ," हा तिचा ठरलेला निकाल.

भेसळ नव्हे. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, कारण त्यातल्या कार्बन अणूंच्या बहुतेक साखळ्या सरळ, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या. शेंगतेलातल्या बऱ्याच साखळ्यांना दुहेरी बंधाचा, म्हणजे दोन कार्बनांमधल्या दुहेरी जोडाचा, बाक. वाकड्या फांद्यांची मोळी कधी घट्ट बांधली गेलीय? सरळ साखळीचं स्टिअरिक आणि एका बाकाचं ओलेइक, या दोन मेदाम्लांत कार्बन सारखेच, 18. तरी पहिलं वितळायला जवळपास 69 अंश लागतात, दुसऱ्याला 13 च्या आसपास पुरतात. एका बाकाने एवढा फरक!

आईला मोळी पटली. भेसळीचा संशय अजून आहेच.