सिंगापूरचे कैदी आणि पुलाऊ सेनांग

शनिवार, रात्र

महाबळेश्वरच्या जुन्या तुरुंगाविषयी वाचता वाचता आज सिंगापूरपर्यंत जाऊन पोहोचलो. १८३४ मध्ये सुरू झालेल्या या तुरुंगात मुख्यत्वे चिनी आणि मलायी कैदी होते. मलाक्काच्या सामुद्रधुनीवरील इंग्रजी वसाहतींतून त्यांना मुंबई इलाख्यात धाडलेले होते आणि १८६४ मध्ये तुरुंग बंद होईपर्यंत त्यांनी तेथे बटाटे व इतर भाज्या पिकवल्या. त्याच काळात आपल्या इलाख्यातले कैदी उलट दिशेने काळे पाणी ओलांडून सिंगापूरला जात होते. परमुलखात, भाषाही न जाणणाऱ्या माणसाला पळून जायला जागा नसते आणि असा मजूर स्वस्त पडतो, हे कंपनी सरकारला कोणी शिकवावे लागले नसावे.

सिंगापुरात हिंदी कैद्यांची पहिली तुकडी एप्रिल १८२५ मध्ये सुमात्रा बेटावरील बेंकुलन या इंग्रजी ठाण्याहून आली, कारण आदल्या वर्षीच्या तहाने ते ठाणे डचांकडे गेले होते. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे या बेटावरचे रस्ते, पूल आणि मोठ्या इमारती याच हातांनी उभ्या राहिल्या. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलच्या भिंतींना चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि जाडी साखर यांचा मद्रासी पद्धतीचा गिलावा त्यांनी केला. आज राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेला प्रासादही त्यांनीच १८६७ ते १८६९ या काळात बांधला.

मला विशेष वाटते ते तिथल्या व्यवस्थेचे. कैद्यांवर देखरेख करणारे वॉर्डर कैद्यांतूनच निवडले जात. नवा माणूस बेड्यांत कामाला लागे आणि वर्तन चांगले राहिले तर वर्ग बदलत बदलत अखेर परवान्यावर बाहेर राहून स्वतःचे पोट भरण्यापर्यंत पोहोचे. यात दयेपेक्षा काटकसरीचाच भाग मोठा होता, याविषयी मला शंका नाही. तरीही आपण कोणत्या पायरीवर आहोत आणि पुढची पायरी कोणती, हे त्या माणसाला ठाऊक असे. १८६७ मध्ये सामुद्रधुनीवरील या वसाहती हिंदुस्थान सरकारच्या हातून सुटल्या, उरलेल्या कैद्यांपैकी अनेकांची रवानगी अंदमानात झाली आणि १८७३ मध्ये सिंगापुरातला त्यांचा तुरुंग बंद पडला.

सिंगापूरच्याच पुलाऊ सेनांग या बेटावरचा कैदी सुधारण्याचा प्रयोग याच्या पुढच्या शतकातला. सिंगापुरातला चांगीचा तुरुंग गुप्त टोळ्यांच्या माणसांनी भरून गेला होता आणि त्यांतील पुष्कळांवर खटलाच चाललेला नव्हता. १९५५ च्या एका फौजदारी कायद्याखाली त्यांना स्थानबद्ध केलेले होते. १९६० मध्ये डॅनियल डटन हा अधिकारी अशा काही जणांना घेऊन दक्षिणेकडील या ओसाड बेटावर उतरला. भिंती नाहीत, पहारेकऱ्यांजवळ बंदुका नाहीत, दिवसभर अंगमेहनत आणि त्यातून सुधारणा, असा त्याचा विश्वास होता. जंगल तोडून रस्ते, निवासाच्या इमारती आणि कार्यशाळा उभ्या राहिल्या, कित्येक जण सुटून कामधंद्यालाही लागले आणि पाहुण्यांना हे बेट कौतुकाने दाखवले जाऊ लागले.

१२ जुलै १९६३ रोजी तासाभरात सारे जळाले. डटन आणि त्याचे तीन सहकारी मारले गेले. त्याच्या थोडेच आधी जेटीचे काम नाकारणाऱ्या काही सुतारांना चांगीला परत पाठवले होते. बाहेरून पाहणाऱ्याला ही शिक्षा किरकोळ वाटेल. पण ज्याच्या सुटकेची तारीख कोणत्याही न्यायालयाने ठरवलेली नाही आणि जो केवळ अधिकाऱ्यांच्या मतावर सुटणार आहे, त्याच्या दृष्टीने चांगीला परतणे म्हणजे आजवरची सगळी मेहनत पाण्यात जाणे होते. डटनला भाबडा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो भाबडा वाटत नाही. भिंत काढणे त्याच्या हाती होते, मुदत ठरवणे मात्र नव्हते. खून करणाऱ्यांची बाजू घेण्याचा यात हेतू नाही, आणि मारल्या गेलेल्या त्या चौघांनी तो कायदा केलेला नव्हता, हेही खरेच.

न्यायालयाने अठरा जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि ती ऑक्टोबर १९६५ मध्ये, म्हणजे सिंगापूर स्वतंत्र झाल्यावर तीनच महिन्यांच्या आत, अमलात आली. बेटावर पुढे सैन्याचा गोळीबाराचा सराव सुरू झाला. ज्या कायद्याखाली ती माणसे स्थानबद्ध झाली तो ठरावीक मुदतीचा होता. तेथील संसद दर पाच वर्षांनी त्याची मुदत वाढवत आली असून २०२४ मध्येही ती वाढवण्यात आली.