खुर्चीवरची कुस्ती

मॅटच्या कोपऱ्यात प्रशिक्षकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते. मी लढत होतो तेव्हा तिच्याकडे कधी लक्षच गेलं नाही. पुढे तिच्यावर बसायची पाळी आली तेव्हा कळलं, समोरची कुस्ती हात न लावता बघायला लढण्याहून जास्त घाम गळतो.

मी अमळनेर तालुक्यातला. आमची जमीन काळी, कापसाची. तालमीच्या हौदातली तांबडी माती ट्रॅक्टरने बाहेरून यायची, मग तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबं. यात्रेतल्या कुस्त्यांत नारळापासून सुरुवात केली, पुढे रोख इनामाच्या जोडीत लागायला लागलो. कॉलेजात गेल्यावर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या स्पर्धेत ६६ किलोत तीन वर्षं लागोपाठ पहिला आलो. (विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव २०१८ साली मिळालं, माझ्या सर्टिफिकेटांवर ते नाही.)

गावात सत्कार, फेटा, सगळं झालं. पण आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्याच वर्षी हरियाणाच्या एका पोराने माझी हवा काढली. मातीत दमलं की पालथं पडायचं, छाती जमिनीला चिकटवायची आणि श्वास घ्यायचा; पाठ लागल्याशिवाय कुस्ती जात नाही. मॅटवर मी सवयीने तसाच पडलो. त्याने कमरेला कव घातली आणि भारंदाज डावावर मला लोळवलं. एकदा, परत एकदा, आणि पंचाने शिट्टी मारली. पाठ टेकली नव्हती, तरी गुणांवर मी हरलो होतो. मातीने शिकवलेला बचावच मला नडला. आज माझ्याकडे खेड्यातून येणारं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात नेमकं हेच करतं.

बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालं, नोकरी लागेना. कोणीतरी पतियाळाच्या एन.आय.एस.चा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा कोर्स सुचवला. वडिलांनी विचारलं, "कोर्स करीसन काय भेटस?" मला तरी कुठे माहीत होतं. २०१४ च्या उन्हाळ्यात भुसावळहून गाडीने अंबाला आणि तिथून बसने पतियाळा गाठलं. संस्था राजाच्या जुन्या मोतीबाग महालात आहे. आपण उगाच मोठ्या घरात शिरलोय असं पहिले दोन दिवस वाटत राहिलं.

शरीरशास्त्र, बायोमेकॅनिक्स, मानसशास्त्र, सरावाचं वेळापत्रक आखणं. हे सगळं घोकून जमलं. नियमांनी मात्र दमवलं. मी लढायचो तेव्हा दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असत, त्यातल्या दोन जिंकायच्या. २०१३ मध्ये ते बदलून तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्हींचे गुण एकत्र मोजायला लागले. म्हणजे पहिली फेरी सोडून देऊन दम राखायची माझी युक्ती निकालात निघाली होती, आणि मी ती पोरांना शिकवायच्या तयारीत होतो.

खरी फजिती प्रात्यक्षिकात झाली. "एकेरी पट शिकवून दाखवा," सर म्हणाले. समोरच्याचा एक पाय धरून त्याला खाली पाडायचं, हा माझा हुकमी डाव. मी झटक्यात पट काढून दाखवला. ते म्हणाले, "काढू नका, शिकवा. आधी काय हलतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री होस्टेलच्या खिडकीच्या काचेसमोर मी तोच डाव हळूहळू वीसेक वेळा केला. आधी कमर खाली येते, मग डावा पाय पुढे, मग गुडघा टेकतो आणि डोकं समोरच्याच्या बरगडीला लागतं. हजारो वेळा काढलेला पट मी पहिल्यांदा बघत होतो.

परत आल्यावर एका संस्थेत मानधनावर लागलो. मानधन कधी यायचं, कधी नाही, त्यावर जास्त बोलत नाही. तेव्हाच चाळीसगावजवळच्या सायगावचे विजय चौधरी लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि तालमीत पोरांची रीघ लागली. प्रत्येकाला केसरीच व्हायचं होतं. केसरीची कुस्ती जड वजनाच्या मल्लांची, तरी ५७ किलोच्या पोरालाही.

माझी पहिली मोठी चूक वजनाची. आमच्या वेळी वजन आदल्या संध्याकाळी होत असे. प्लास्टिकचा कोट घालून पळायचं, पाणी तोडायचं, काट्यावरून उतरलं की रात्रभर खायचं-प्यायचं. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी व्हायला लागलं आणि आपल्याकडेही तेच आलं. मी मात्र एका पोराला जुन्याच पद्धतीने चार किलो उतरवायला लावलं. दुसऱ्या फेरीत त्याचे पाय अक्षरशः लाकडाचे झाले. विनेश फोगट पॅरिसमध्ये १०० ग्रॅमने बाद झाली त्या दिवशी सगळे हळहळत होते, मला ते पोर आठवत होतं. आता मोसम सुरू व्हायच्या दोन महिने आधीच गट ठरवतो. एवढा वेळ देऊनही वजन बसलं नाही तर वरच्या गटात लढायचं.

दुसरी चूक स्पंजची. पंचाचा निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक मॅटवर स्पंज टाकून चॅलेंज घेऊ शकतो, मग व्हिडिओ बघतात. चॅलेंज चुकलं तर समोरच्याला एक गुण. ३-३ अशी कुस्ती होती, वीस-बावीस सेकंद उरले होते. आमच्या पोराचा पाय बाहेर गेला म्हणून समोरच्याला गुण दिला. मला वाटलं, त्याचा पाय आधी गेला. स्पंज टाकला. व्हिडिओत स्पष्ट दिसलं, आमचाच पाय. ३-५. शेवटच्या सेकंदांत पोराने समोरच्याला रेटून बाहेर काढलं आणि एक गुण घेतलाही. ४-५. मी गप्प बसलो असतो तर ४-४ झालं असतं, दोघांचे गुण एकाच तोडीचे होते, अशा बरोबरीत शेवटचा गुण घेणारा जिंकतो आणि तो गुण आमचा. कुस्ती आमचीच होती.

घरी वडिलांनी विचारलं, "कोन हारना?"

"मी," म्हणालो.

"आते तू खेळस नही, मंग कसा हारना?" त्यांना चॅलेंज समजावून सांगता सांगता जेवण थंड झालं.

प्रशिक्षकाने मागितलेलं चॅलेंज खेळाडूला नाकारता येतं, हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं, मीच पोरांना सांगितलं नव्हतं. आता सांगतो, आणि स्पंज उचलला की आधी पोराकडे बघतो. त्याच पोराने गेल्या मोसमात दोनदा नुसती मान हलवून मला खुर्चीत बसवलं. त्यातलं एकदा त्याचं बरोबर होतं.