वर्षभराचं राज्य

शिवाशिवीत सगळ्यात वाईट काय? राज्य आपल्यावर असताना जेवायची हाक येणं. खेळ मोडतो, राज्य तसंच राहतं. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात एका मुलाचं शाळेच्या शेवटच्या दिवशी असंच झालं. ज्याला शिवायचं ठरवलं होतं त्याला कुणकुण लागली आणि तो आधीच घरी सटकला. राज्य याच्या गळ्यात.

१९९०च्या सुमारास तो आणि त्याचे शाळेतले मित्र पुन्हा जमले तेव्हा तो विषय निघाला. एकजण वकिलीकडे वळलेला, त्याने रीतसर करारच लिहिला. दहा खेळाडू, खेळ फक्त फेब्रुवारीत. ज्याने शिवलं त्याला लगेच उलट शिवायचं नाही. कुणी विचारलं तर राज्य आपल्यावर आहे की नाही, ते खरं सांगायचं. महिना संपताना ज्याच्यावर राज्य, तो पुढचे अकरा महिने ते मिरवणार. हा खेळ चाळिशी ओलांडूनही टिकला तो या कंजुषीमुळे. बारा महिने खेळले असते तर दुसऱ्याच वर्षी बायकांनी तरी बंद पाडला असता, नाहीतर कंटाळ्याने.

२०१३मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने ही बातमी छापली, त्यावरून जेफ टॉमसिक दिग्दर्शित 'टॅग' (२०१८) आला. सिनेमात दहाचे पाच झाले आणि फेब्रुवारीचा मे. जेरेमी रेनरचा जेरी तीस वर्षांत एकदाही सापडलेला नाही आणि आता लग्नानंतर खेळ सोडणार, म्हणून बाकीचे चौघं त्याच्या मागे. हाणामारीचे प्रसंग झकास जमलेत, पण इथेच खेळ बदलतो. राज्य कुणावर आहे याला फारसा अर्थच उरत नाही. सगळे मिळून एकाला घेरतात. ही शिवाशिवी नव्हे, शिकार. त्यापेक्षा आयला फिशरची ॲना, एका खेळाडूची बायको, मजेशीर. खेळण्याची खुमखुमी सर्वांत जास्त तिला, पण 'मुली नकोत' हा नऊ वर्षांच्या पोरांचा नियम अजून लागू! रेनरचे दोन्ही हात चित्रीकरणात मोडले होते, त्यामुळे काही दृश्यांत त्याचे हात संगणकावर केलेले आहेत. शेवटी नावं येतात तेव्हा खरी मंडळी दिसतात, ते चुकवू नका.

आपल्या कंपूत सुरू करायचं असेल तर सहा ते दहा जण पुरेत. चौघांत राज्य त्याच दोघांत फिरत राहतं. 'लगेच' म्हणजे किती, ते आधीच लिहा. मधे तिसऱ्याला शिवेपर्यंत उलट शिवायचं नाही, हे सोपं पडतं. शिवणं म्हणजे तळहात अंगाला लागणं. ओढणी, पिशवी, बुटाचं टोक धरायचं नाही, नाहीतर 'लागलंच नाही'वरून रडीचा डाव खडी. शिवलं की दहा मिनिटांत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव आणि वेळ टाका. हे राहिलं तर दोघं स्वतःवर राज्य समजून एकमेकांना शोधत बसतात.

गाडी चालवणारा, जिन्यावरचा, कडेवर मूल असलेला, यांना भोज्या धरा. स्पोकेनच्या कंपूतला एकजण गाडीच्या डिकीत लपून बसला होता. उघडताच त्याने मित्राला शिवलं, पण शेजारी उभी असलेली मित्राची बायको दचकून मागे पडली आणि तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ती तर खेळतही नव्हती. तेव्हा बायको-नवरा, आईवडील यांना आधी सांगून ठेवा. मात्र तीच माणसं फितूर होऊन दार उघडतात, ते चालतं. किंबहुना अर्धा खेळ फितुरीचाच.

आणि घड्याळ एकच ठरवा. २८ फेब्रुवारीच्या रात्री पुण्यात बारा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे दीड वाजलेले असतात. राज्य तिथल्यावर असेल तर 'माझे अजून साडेदहा तास बाकी आहेत' असं तो म्हणणारच.