शिकरण, हातमोजे आणि टोमॅटोवरची बुरशी

इथे नेदरलँड्समध्ये, वाखेनिंगेनला दुपारचं जेवण म्हणजे पावाचे दोन तुकडे, मधे चीज आणि प्यायला कार्नेमेल्क. म्हणजे आपलं ताकच, फक्त मीठ-जिरं विसरलेलं. वाढदिवस ज्याचा असतो त्यानंच सगळ्यांना खाऊ द्यायचा, अशीही इथली पद्धत. मी जळगावची, त्यामुळे माझ्या वाढदिवसाला काय करायचं हा प्रश्नच नव्हता. मोठं पातेलंभर शिकरण केली, वेलदोडा घातला आणि सायकलवर सांभाळत प्रयोगशाळेत नेली.

सगळ्यांनी वाट्या पुढे केल्या, पण शेजारच्या टेबलावरची आमची पन्नाशीची तंत्रज्ञ बाई दोन पावलं मागे सरकली. "केळं? मला नको." पूर्वी तिनं वर्षानुवर्षं रबराचे हातमोजे वापरले. आधी हाताला पुरळ उठायला लागलं. मग एके दिवशी केळं खाल्लं तर ओठ खाजून सुजले. तेव्हापासून तिचे हातमोजे निळे नायट्राइलचे, आणि केळं, अव्होकॅडो दोन्ही बंद.

हातमोज्याचं भांडण केळ्याशी कसं काय लागलं? गंमत म्हणजे याचं उत्तर आम्ही रोज ज्याच्याशी झटतो त्यातच आहे: वनस्पतींमधली कायटिनेज विकरं, म्हणजे कायटिन तोडणारी एन्झाइमं.

कायटिन ही साखरेच्या एका नायट्रोजनवाल्या भावंडाची लांब साखळी. खेकड्याच्या कवचात ती असते, झुरळाच्या पंखात असते, बुरशीच्या पेशीभित्तिकेतही असते. झाडात मात्र नसते. तरीही झाड ती तोडायची कात्री बाळगून असतं, पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पाण्याच्या पिशवीत, आणि दोन पेशींच्या मधल्या जागेत. घरात कुणी विडा खात नसताना अडकित्ता ठेवण्यासारखंच हे. कात्री आहे ती येणाऱ्या बुरशीसाठी.

यातल्या पहिल्या वर्गाच्या विकराचे दोन भाग असतात. पुढे चाळीसेक अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या माळेतले मणी) हूकसारखा आकडा, जो कायटिनला घट्ट धरतो. मागे प्रत्यक्ष कापणारा भाग. दोघांना जोडणारा एक लवचिक दुवा. हाच आकडा रबराच्या चिकात सुटा सापडतो. त्याचं नाव हेवीन: ४३ अमिनो आम्लं, त्यांत आठ सिस्टीन हे गंधकवालं अमिनो आम्ल, आणि त्यांच्या जोड्यांनी मारलेल्या चार गंधकाच्या गाठी. बाईंचं शरीर चिडायला शिकलं ते या हेवीनवर. केळ्यातल्या कायटिनेजच्या पुढे तसाच आकडा दिसला की तेच शत्रुत्व चालू. त्यात केळं पिकवायला वापरतात त्या इथिलिननं ही विकरं वाढतात. आमच्याकडच्या पिकवण केंद्रांतून केळ्याला सोनेरी रंग येतो तेव्हा आत एवढं काही चाललंय, हे मला इतक्या दूर येऊन कळलं.

मला खरी भुरळ पडते ती कापणाऱ्या भागाची. बार्लीच्या दाण्यातल्या विकराची रचना टेक्सासमध्ये १.८ अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे अणूंच्या मापाच्या बारकाईनं उलगडली गेली, ती १९९५ मध्ये छापून आली. पडद्यावर फिरवून पाहिली की मळसूत्रांचा गठ्ठा दिसतो, मधोमध खोल खाच, आणि खाचेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन ग्लुटामिक आम्लं, ६७ आणि ८९ नंबरची. साखळी खाचेत बसली की एक प्रोटॉन देतं, दुसरं पाण्याचा रेणू नेमक्या जागी उभा करतं, आणि साखळीचा दुवा तुटतो. कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमचा, म्हणजे जिवाणूंची भित्तिका तोडणाऱ्या विकराचा, गाभा साधारण असाच आहे.

आता रबराच्या चिकातलंच दुसरं विकर घ्या, हेवामिन. इथून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर ग्रोनिंगेन आहे, तिथल्या गटानं १९९४ मध्ये त्याची रचना मांडली. हे थेट पिंपच: आत आठ पट्ट्यांचं कडं, बाहेर आठ मळसूत्रं. काम तेच, घराणं वेगळं. विकरांच्या वर्गवारीत बार्लीचं १९वं कुळ, याचं १८वं. इथे पाणी आधी येत नाही. साखळीचाच अ‍ॅसिटाइल गट आतून वळतो आणि स्वतःचाच दुवा सोडवायला मदत करतो. एकमेकांशी नातं नसलेली दोन प्रथिनं एकाच कामाला लागलेली पाहिली की मला अजूनही खुर्ची सोडून कुणाला तरी दाखवावंसं वाटतं.

पण एकटी कात्री फार मोठी शूर नाही. बुरशीच्या तंतूचं वाढतं टोक कोवळं असतं, तिथेच ती लागू पडते. वाटाण्यातलं कायटिनेज ग्लुकनेज (भित्तिकेतलं ग्लुकन तोडणारं विकर) या जोडीदाराबरोबर वापरलं तेव्हा बऱ्याच बुरश्या अडल्या, हे १९८८ मधलं काम. माझ्या मते कात्रीचा खरा मान तुकड्यांमुळे आहे. कापताना पडणारे सात-आठ कड्यांचे तुकडे झाडाच्या पेशीबाहेरचे ग्राहक, म्हणजे खूण टिपणारी प्रथिनं, ओळखतात आणि धोक्याची घंटा वाजते. भातात तो ग्राहक सेबिप.

बुरशीही काही कमी नाही. इथल्या काचघरांतल्या टोमॅटोवर एक बुरशी येते, पान उलटलं की तपकिरी-हिरवट मखमल दिसते. वाखेनिंगेनमध्ये तिच्यावर खूप काम झालंय. ती एव्हीआर-४ नावाचं प्रथिन सोडते, ते तिच्याच कायटिनवर चिकटून कात्रीला आड येतं. दुसरं, ईसीपी-६, पडलेले तुकडे गुपचूप वेचतं, म्हणजे घंटाच वाजत नाही. मग टोमॅटोच्या काही वाणांनी एव्हीआर-४ लाच ओळखायला सुरुवात केली, आणि बुरशीनं त्याचं रूप बदललं. ही कुरघोडी चालूच आहे.

शिकरणीचं पातेलं दोन वाजेपर्यंत रिकामं झालं. तापवल्यावर केळ्यातलं हे विकर निकामी होतं असं मी वाचलं होतं, म्हणून जाता जाता बाईंना म्हटलं, पुढच्या वेळी सत्यनारायणाचा शिरा करते, त्यात केळं चांगलं शिजतं. त्या निळे हातमोजे चढवत म्हणाल्या, "प्रयोग बुरशीवर कर, माझ्यावर नको."