उल्हास नदी : कोंढाण्यापासून गायमुखापर्यंत, एका रविवारात

ठाण्यात जन्म गेला, पण उल्हास नदी म्हणजे माझ्या लेखी घोडबंदर रोडवरून दिसणारी खाडी, एवढंच. वरची नदी बघायची म्हणून एप्रिलमधल्या एका रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडली. कर्जतहून टमटमने कोंढाणे लेण्यांच्या वाटेला लागलो.

डोक्यावर राजमाचीचा डोंगर आणि पायाशी नुसते गोटे. मधे दोन डोह, त्यात पोरं डुंबत होती. पावसाळ्यात रेल्वे अडवणारी नदी ती हीच? २०१९च्या जुलैत हिच्याच पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती.

भिवपुरीच्या पुढे मात्र चित्र पालटलं. ऐन उन्हाळ्यात पात्राला पाणी आणि राजनाला कालव्याच्या कडेला हिरवंगार भात. हे पाणी मुळात इथलं नाहीच! घाटमाथ्यावरची आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे त्याने जायचं बंगालच्या उपसागरात. ते ठोकरवाडी धरणात अडवून घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रावर सोडतात, १९२२ पासून. वीज करून झाली की पाणी उल्हासच्या वाट्याला. खाली बदलापूर, उल्हासनगरच्या नळांना उन्हाळ्यात येणाऱ्या पाण्यात हे असं घाटावरचं पाणी असतं. मला हे चाळिशीत कळलं, याची जरा लाजच वाटली.

परतताना लोकलच्या खिडकीतून लक्षात आलं की नदी समुद्राकडे जातच नाही. समुद्र पश्चिमेला, पण मधे माथेरान-मलंगगडाची भिंत उभी. ती ओलांडता येत नाही म्हणून बाई मुकाट्याने उत्तरेला कल्याणपर्यंत जाते. तिथे काळू-भातसाचं पाणी घेते आणि मग कुठे पश्चिमेला वळते. कल्याणजवळच्या मोहन्याच्या आसपासची जलपर्णी आणि वास यांबद्दल न लिहिलेलंच बरं.

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली पोचेपर्यंत नदीची खाडी झालेली असते. ठाण्याच्या उत्तरेला तिचा एक बारीक फाटा ठाणे खाडीकडे निघतो, त्यामुळेच साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणं जिथे वसलंय ती जमीन, हे बेट. मुख्य प्रवाह वसईला समुद्रात शिरतो. एकूण १२२ किलोमीटर.

संध्याकाळी घोडबंदर रोडवर, खाडीकाठच्या गायमुखला टेकलो. तिवरांच्या चिखलात निवट्या, म्हणजे चिखलात राहणाऱ्या मासोळ्या, उड्या मारत होत्या. निर्माल्याची एक पिशवी चक्क उलटी, कल्याणच्या दिशेने चाललेली. जाळं आवरणाऱ्या काकांना विचारलं, "काका, पाणी उलटं कसं?"

"भरती लागली ना. आता ते कल्यानला जानार, रातच्याला परत येनार."

पिशवी दिसेनाशी होईपर्यंत बसलो, मग रिक्षा केली.