लॅन ड्रायव्हर टाकल्यापासून मशीन हँग होतंय? आधी हे तपासा

नेटवर्कचा ड्रायव्हर बिघडला तर फार तर इंटरनेट बंद पडेल, असं वाटतं. प्रत्यक्षात मशीन अधूनमधून गोठतं, ब्लू स्क्रीन येते, स्लीपमधून उठत नाही, गाणं लावलं की आवाज तुटतो. विंडोजमध्ये लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, चालतात. ब्राउझर कोसळला तर एकटाच कोसळतो. कर्नलमधल्या ड्रायव्हरने नको त्या मेमरीला हात लावला की विंडोज सगळंच थांबवते.

तरी आधी गुन्हा सिद्ध करा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा आणि लाल फुल्या कधीपासून आहेत ते पाहा. ड्रायव्हर नेमका कधी बसला, ते विंडोज फोल्डरातल्या 'आयएनएफ' फोल्डरात सेटअप-एपीआयच्या लॉगमध्ये वेळेसकट लिहिलेलं असतं. फुल्या त्याच्या आधीपासूनच असतील तर रॅम, तापमान आणि पॉवर सप्लायकडे वळा. इव्हेंट व्ह्यूअरमधली ४१ क्रमांकाची नोंद पाहून घाबरायचं कारण नाही: मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते.

ब्लू स्क्रीनवरचा कोड जास्त कामाचा. 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' म्हणजे ड्रायव्हरने चुकीच्या वेळी चुकीच्या पत्त्यावरची मेमरी मागितली. 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' बहुतेकदा स्लीपमध्ये जाताना किंवा उठताना येतो. 'डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन' आला तर कुठला तरी ड्रायव्हर प्रोसेसर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडवून बसलाय.

क्रॅशच्या वेळी विंडोज मिनिडंप फोल्डरात नोंद ठेवते. ती फाइल विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या तपासणी प्रोग्राममध्ये उघडली की बरेचदा 'एनडीआयएस' किंवा 'टीसीपीआयपी' हे नाव दिसतं आणि लोक विंडोजला शिव्या घालतात. या मायक्रोसॉफ्टच्या फायली असतात आणि बहुधा दुसऱ्याचं पाप त्यांच्या माथी येतं. स्टॅकमध्ये, म्हणजे क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या कामांच्या यादीत, आणखी खाली बघा. 'आरटी'ने सुरू होणारं नाव बहुधा रिअलटेकचं, 'नेटडब्ल्यूटीडब्ल्यू'ने सुरू होणारं इंटेल वायफायचं. व्हीपीएन, अँटिव्हायरस किंवा व्हर्च्युअलबॉक्सचा फिल्टर (नेटवर्कच्या वाटेत मध्ये बसणारा ड्रायव्हर) दिसला तर लॅन ड्रायव्हरला हात न लावता आधी तो काढून पाहा.

आता उपाय. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, रोल बॅक. बटण फिकं असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग तो अनइन्स्टॉल करावा लागेल. त्याआधी जुनी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही! अडलंच तर फोनचं यूएसबी टेदरिंग कामाला येतं. ड्रायव्हर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरून, मॉडेल बघून घ्या. चिप कोणाची ते कळत नसेल तर डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडी पाहा: व्हेंडर १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. आपोआप ड्रायव्हर शोधून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून लांबच राहा. निम्म्या भानगडी तिथूनच येतात.

खरी गोम ड्रायव्हर स्टोअरमध्ये, म्हणजे विंडोज ड्रायव्हरच्या प्रती जपून ठेवते त्या फोल्डरात, असते. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर रीस्टार्टनंतर विंडोज तिथून तोच ड्रायव्हर उचलून पुन्हा बसवते. म्हणून अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत टिक करा. तरीही परत आला तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, पीएनपी-युटिल या विंडोजच्याच कमांडने ड्रायव्हरांची यादी काढा, प्रकाशक आणि तारीख जुळवून 'ओईएम' क्रमांक शोधा आणि तेवढाच डिलीट करा. नंतर शटडाउन नको, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल पूर्ण बंद होत नाही. विंडोज अपडेट तोच ड्रायव्हर पुन्हा ढकलत असेल तर प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून अपडेटमधले ड्रायव्हर बंद करता येतात.

मशीन डेस्कटॉपपर्यंतही येत नसेल तर सेफ मोडमध्ये (मोजकेच ड्रायव्हर घेऊन सुरू होणारं विंडोज) जा, पण नेटवर्किंगशिवायच्या. नेटवर्किंगसह निवडलात तर तोच ड्रायव्हर पुन्हा लोड होईल.

फक्त स्लीपचीच तक्रार असेल तर ड्रायव्हर बदलण्याआधी पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची टिक काढा आणि अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट ही लॅनची वीज वाचवणारी सोय बंद करून बघा. ड्रायव्हर व्हेरिफायर, म्हणजे ड्रायव्हरची कसून चाचणी घेणारं विंडोजचं साधन, मात्र शेवटी, आणि फक्त संशयित ड्रायव्हरवर. तो चूक पकडण्यासाठी मुद्दाम क्रॅश करतो, त्यामुळे सेफ मोडमधून तो रीसेट कसा करायचा हे आधी माहीत हवं.

एवढं करूनही क्रॅश थांबले नाहीत तर बायोसमधून ऑनबोर्ड लॅन बंद करा आणि काही दिवस यूएसबी लॅन अडॅप्टरवर काम चालवा. मशीन शांत झालं तर दोष त्या चिपचा किंवा तिच्या ड्रायव्हरचा. नाही झालं, तर एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावा.